सुट्टी चालकाची की गाडीची?

मागील अंकात आम्ही लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत काम करणाऱ्या वाचकांना आपले प्रश्न कळवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांत बॅटरी, ब्रेक, टायर आणि इंजिन यांविषयी पुष्कळ लिहिलेले आहे. मात्र बहुतेक पत्रांच्या तळाशी एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत आढळली, ती म्हणजे आठवड्यातून मिळणारा एक मोकळा दिवस गाडीच खाऊन टाकते. म्हणून या वेळी त्या तक्रारीशी संबंधित चार पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत. उत्तरे लिहिणाऱ्याने बावीस वर्षे ट्रकचे गॅरेज चालवले आहे, हे उत्तरांतील काही कबुलीजबाब समजण्यासाठी सांगून ठेवणे बरे.

प्रश्न : मी बाराचाकी गाडीवर चालक आहे. चाकणहून मोटारींचे सुटे भाग घेऊन चेन्नईजवळच्या ओरगडमला जातो आणि परतीचे भाडे मिळेल तसा येतो. मालकांच्या नऊ गाड्या आहेत. पगार महिन्याचा असून खेपेमागे भत्ता वेगळा मिळतो. रविवारी सुट्टी असे ठरलेले आहे. परंतु शनिवारी रात्री गाडी मिरजेला लावली की सकाळी फोन येतो, ‘गाडी उभीच आहे, तर ग्रीसिंग करून घे, मागची टायरची जोडी बदलून घे, ब्रेक सेट करून घे.’ गेल्या पाचपैकी चार रविवार माझे गॅरेजात गेले. मी बोललो, तर मालक म्हणतात, ‘तू काय हाताने नट आवळतोस? बाकड्यावर बसून चहाच तर पितोस.’ बाकड्यावर बसणे ही सुट्टी आहे का?
– एक चालक, जत (जि. सांगली)

उत्तर : नाही. आणि हे केवळ आमचे मत नसून, १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ‘कामाचे तास’ या शब्दांची जी व्याख्या केली, तिच्यात ते स्पष्टपणे आलेले आहे. त्या व्याख्येनुसार गाडी प्रत्यक्ष चालवण्याचा वेळ जसा कामात धरला जातो, तसाच गाडी थांबलेली असताना करावी लागणारी पूरक कामेही धरली जातात. आणि या पूरक कामांत हिशेब देणे, गाडी ताब्यात घेणे व जागेवर लावणे, माल चढवणे-उतरवणे यांच्या जोडीला गाडीची देखभाल आणि दुरुस्ती यांच्याशी संबंधित काम असा स्वतंत्र उल्लेख आहे. नट मेकॅनिकने आवळला की तुम्ही, हा मुद्दाच गौण आहे. मालकाच्या सांगण्यावरून तुम्ही त्या बाकड्यावर बसला आहात आणि उठून घरी जाऊ शकत नाही, एवढे पुरेसे आहे.

त्याच कायद्याने दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि लांब पल्ल्याच्या मार्गांवर संबंधित प्राधिकाऱ्याच्या मंजुरीने ती दहा व ५४ तासांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली. सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास विश्रांती, हेही त्यातच होते. वाहतूक खोळंबू नये म्हणून मालक साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावू शकतो, पण मध्ये एक पूर्ण दिवसाची सुट्टी न देता सलग दहा दिवसांहून अधिक काम घेता येत नाही, आणि बुडालेली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत भरून द्यावी लागते. ही दहा दिवसांची अट आणि भरपाईच्या सुट्टीची तरतूद त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती या संहितेनेही कायम ठेवली आहे. तुमचे पाचपैकी चार रविवार गेले आहेत; तेव्हा तुम्ही मालकांकडे दयेची याचना करत नसून चार दिवसांची थकबाकी मागत आहात.

आता व्यवहाराकडे वळू. नेमणुकीचे पत्र नाही, हजेरीचे पुस्तक नाही, अशा धंद्यात कलमे वाचून दाखवल्याने रविवार परत मिळत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून प्रथम एक वही करा. गाडी किती वाजता लावली, गॅरेजात किती वाजता गेलात, किती वाजता सुटलात आणि काय काम झाले, एवढे चारच रकाने पुरेत. दोन महिन्यांची वही समोर ठेवून बोलणे आणि नुसते ‘माझी सुट्टी जाते’ म्हणणे यांत पुष्कळ फरक पडतो; पुढे कामगार अधिकाऱ्यांकडे जाण्याची वेळ आलीच, तर तीच वही उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट मालकांच्या बाजूची आहे आणि ती खरी आहे. चालक सोबत नसेल, तर मेकॅनिकला दोष सापडत नाही. माझ्या गॅरेजात मीही रविवारी चालकांना बसवून ठेवत असे, कारण गाडीचा आवाज त्यांच्याच कानांत असायचा. आणि तो आवाज त्यांच्याकडून काढून घेऊन त्यांना घरी पाठवण्याची युक्ती मला फार उशिरा सुचली. ती युक्ती म्हणजे तक्रारींची चिठ्ठी. ‘गाडी डावीकडे ओढते’ असे लिहिलेली चिठ्ठी निरुपयोगी असते. तिच्याऐवजी ‘रिकामी असताना ओढत नाही, भरलेली असताना साठच्या वर ब्रेक मारला की डावीकडे ओढते आणि घाट उतरून थांबल्यावर उजव्या पुढच्या चाकाचा हब डाव्यापेक्षा बराच थंड लागतो’ असे लिहिलेले असेल, तर उजव्या पुढच्या चाकाचा ब्रेक काम करत नाही, हे मेकॅनिकला गाडीखाली न शिरताच कळते. त्याचप्रमाणे ‘क्लच सोडताना मागे एक खटका बसतो आणि पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान केबिन थरथरते’ असे वाचले की त्याचा हात आधी मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसकडे, म्हणजे सांध्याकडे, जाईल. वेग कोणता, गिअर कोणता, गाडी भरलेली की रिकामी, इंजिन गार की गरम, या चार गोष्टी प्रत्येक तक्रारीसोबत लिहा. बोलून सांगणे सोपे वाटत असेल, तर फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवा. त्यानंतर गाडीजवळ थांबण्याचे काम मालकांचा मुनीमही करू शकतो.

मालकांना पटेल असा आणखी एक मुद्दा आहे. चाक काढून पुन्हा बसवले की पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर त्याचे नट पुन्हा आवळावे लागतात, कारण नवा बसलेला भाग भाराखाली थोडा सैल होतो. रविवारी संध्याकाळी टायरची जोडी बदलून त्याच रात्री गाडी सोडली, तर हे आवळणे मध्यरात्री, अंधारात, झोपेच्या तारेत करावे लागते. म्हणजे बहुधा होतच नाही. तेच काम सोमवारी सकाळी केले, तर आवळण्याची वेळ उजेडात येते. चाकांचे काम रविवारी नको, हे मालकांच्याही हिताचे आहे, एवढे तरी त्यांना सांगून पाहा.

प्रश्न : परतीच्या भाड्यासाठी मला अनेकदा परगावी दोन-दोन दिवस थांबावे लागते. मालक त्याला सुट्टी म्हणतात. उन्हात केबिनमध्ये पंखा, रात्री गाणी आणि दिवसभर मोबाइलचे चार्जिंग चालते. निघायच्या दिवशी सेल्फ मारला की नुसती कटकट होते आणि शेजारच्या गाडीवरून करंट घ्यावा लागतो. वर्षात दोन वेळा बॅटरी बदलली, पण प्रत्येक वेळी एकच खराब निघते. शिवाय सकाळी ब्रेकच्या हवेचा काटा शून्यावर असतो. यात माझी चूक काय?
– एक चालक, बार्शी (जि. सोलापूर)

उत्तर : ‘प्रत्येक वेळी एकच खराब निघते’ या वाक्यात तुमचे उत्तर आहे. ट्रकमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस व्होल्ट मिळवलेले असतात. गाण्यांचा संच आणि चार्जर मात्र बारा व्होल्टवर चालतात, म्हणून बसवणारा इलेक्ट्रिशियन सोपा मार्ग काढतो आणि दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार ओढतो. त्यामुळे तीच एक बॅटरी रोज उतरत राहते. पुढे गाडी सुरू झाली की डायनामा दोघींना मिळून एकत्र चार्ज करतो. दोघींपैकी कोण भुकेली आणि कोण भरलेली, हे त्याला कळत नाही. परिणामी भरलेली बॅटरी जास्त चार्ज होऊन तिचे पाणी आटते आणि उतरलेली कधीच पूर्ण भरत नाही. तुम्ही खराब झालेली एकटीच बदलता, तेव्हा नवीन आणि जुनी अशी आणखी एक विजोड जोडी तयार होते आणि तोच खेळ पुन्हा सुरू होतो.

उपाय स्वस्त आहे. चोवीस व्होल्टचे बारा करून देणारा कन्व्हर्टर बसवून घ्या आणि केबिनमधली बारा व्होल्टची सगळी साधने त्याच्यावर न्या, म्हणजे भार दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा पडेल. बॅटरी बदलायची वेळ आली, तर दोन्ही एकदम बदला. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर मल्टिमीटरने दोन्हींचे व्होल्टेज वेगवेगळे मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि १२ च्या आसपास आलेली जवळजवळ रिकामी समजावी. हिशेबही मनाशी ठेवा : पाच अँपिअर घेणारी साधने वीस तास चालली, तर शंभर अँपिअर-तास खर्च झाले, आणि एवढ्यात ट्रकच्या बॅटरीचा बहुतेक जीव संपतो. थांबा मोठा असेल, तर बॅटरीचा मुख्य स्विच बंद करण्याची सवय चांगली आहे. मात्र बीएस-सहा (भारत स्टेज-सहा या प्रदूषण-मानकाची) गाडी असेल, तर चावी काढल्याबरोबर तो बंद करू नका. धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचे द्रावण फवारणारी प्रणाली नळ्यांतले द्रावण मागे ओढून घेत असते, तिला दोन-तीन मिनिटे द्या.

हवेविषयी म्हणाल, तर रात्रभरात काटा काही प्रमाणात उतरणे चालते. तासाभरातच तो निम्म्यावर येत असेल, तर कुठेतरी गळती आहे. उभ्या गाडीचा एवढा एक फायदा मात्र आहे की भोवती शांतता असते. पूर्ण हवा भरून इंजिन बंद करा, चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि कान देऊन गाडीभोवती एक फेरी मारा. मग सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा एक फेरी मारा, कारण ब्रेक दाबल्यावरच फुसफुसणारी गळती पहिल्या फेरीत सापडत नाही. शंका येईल त्या जोडावर साबणाचे पाणी लावले की फुगे सांगतात. हवेच्या टाक्यांखालचे निचऱ्याचे व्हॉल्व्हही उघडून पाहा. थोडे पाणी निघणे समजू शकते, पण पाणी फार असेल तर एअर ड्रायर आणि तेल निघाले तर कंप्रेसर दाखवून घ्यावा लागेल.

राहिला सुट्टीचा मुद्दा. येथे कायदा चालकाच्या बाजूने फारसा उभा राहत नाही, हे स्पष्ट सांगतो. ‘कामाचे तास’ यांच्या १९६१ च्या व्याख्येत मुक्कामाच्या ठिकाणची नुसती हजेरी पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल, तरच ती कामात धरलेली आहे. दोन दिवसांच्या ताटकळण्याला तिच्यात जागा नाही. तरीही डिझेल आणि स्टेपनी चोरीला जाईल या भीतीने ज्याला गाडीपासून शंभर पावलांवर जाता येत नाही, त्याच्या त्या दोन दिवसांना सुट्टी म्हणणे आम्हाला मान्य नाही. अशा थांब्याचा वेगळा भत्ता खेप ठरवतानाच बोलून घ्यावा. तेल कंपन्यांनी महामार्गावरील काही पंपांवर ‘अपना घर’ या नावाने चालकांसाठी झोपण्याची व अंघोळीची सोय केलेली आहे. तुमच्या मार्गावर ती असेल, तर थांबा तिथे घेता येईल असे पाहा. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु ती यंत्रणा सहसा इंजिन चालू असेपर्यंतच गारवा देते. झोपण्यासाठी रात्रभर इंजिन चालू ठेवण्यात डिझेल तर जातेच, शिवाय बंद केबिनमध्ये धूर शिरण्याचा धोका असतो. केबिनमध्ये स्टोव्ह पेटता ठेवून झोपण्याचा धोका तर याहून मोठा आहे. तसे कधीही करू नका.

प्रश्न : माझे यजमान पंधरा वर्षे लाइनवर आहेत. रविवारी ते घरी असतात. सकाळी लवकर उठून शेतावर चक्कर मारतात, मुलांना वेळ देतात, पाहुण्यांकडे जातात आणि रात्री जेवून नऊ-दहाला गाडी घेऊन निघतात. दिवसभर विश्रांती झाली, असे त्यांचे म्हणणे. मला मात्र रविवारच्या रात्रीचीच सर्वांत जास्त भीती वाटते. ही भीती खुळी आहे का?
– एक वाचक भगिनी, कराड (जि. सातारा)

उत्तर : अजिबात खुळी नाही, ताई. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकरा वाजता सतरा तास जागा असतो. सतरा तास सलग जागे राहिल्यावर मेंदूची तत्परता जेवढी घटते, ती रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना घटते त्याच्या जवळपास असते, असे झोपेच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. आणि आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याने चालणारी मर्यादा ०.०३ टक्के आहे. तुमचे यजमान दारूचा थेंबही घेत नसतील, तरी पहाटे तीन वाजता, म्हणजे शरीराला झोप सर्वांत जास्त हवी असते त्या प्रहरी, त्यांना जागे होऊन एकवीस तास झालेले असतात आणि गाडी घाटात असते.

त्यांचा दिवस आनंदात गेला, यात शंका नाही, आणि तो तसा जायलाच हवा. दुरुस्ती फक्त वेळेची आहे. मालक तयार असतील, तर रविवारी रात्री निघण्याऐवजी घरी झोपून सोमवारी पहाटे चार-साडेचारला निघणे सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल, तर रविवारी दुपारी जेवणानंतर दोन-तीन तास अंधार करून झोपणे हा खेपेचाच भाग समजावा. त्या वेळी फोन तुमच्याकडे राहू द्या आणि पाहुण्यांना संध्याकाळी बोलवा. वाटेत डोळे जड झाले, तर चहा घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे डुलकी घ्यावी, कारण चहाचा असर चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे आणि मिरची चावणे यांनी माणूस जागा असल्यासारखा वाटतो, इतकेच.

प्रश्न : माझी स्वतःची एकच बीएस-सहा गाडी आहे आणि तिच्यावर चालक ठेवला आहे. महिन्यात दोन वेळा ‘युरियाचा दिवा लागला, गाडी ओढत नाही’ म्हणून त्याने वाटेत एकेक दिवस गाडी उभी केली. दुसऱ्या वेळी ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदतही टळत आली होती. चालक आरामासाठी निमित्त काढतो, अशी मला शंका आहे. ती कशी पडताळावी?
– एक गाडीमालक, संगमनेर (जि. अहिल्यानगर)

उत्तर : शंका आधी युरियाच्या कॅनवर घ्या, चालकावर नंतर. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी जे द्रावण फवारले जाते, त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असावे लागते. सुटे किंवा अर्ध्या किमतीत मिळणारे द्रावण बहुधा या प्रमाणाचे नसते. त्याचे पांढरे खडे फवाऱ्याच्या तोंडाशी साचतात, दिवा लागतो आणि काही अंतरानंतर संगणक इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. ती कमी झाली की चालकाने कितीही रेस दिली, तरी भरलेली गाडी चढ चढत नाही. फवारा काढून पाहा. पांढरे खडे दिसले, तर तुमच्या चालकाने त्या दोन दिवसांत आराम नव्हे, मनस्ताप भोगला आहे. शिवाय प्रत्येक दोषाचा संकेतांक गाडीच्या संगणकात नोंदलेला राहतो आणि सर्व्हिस सेंटर तो वाचून दाखवते. शंका घेण्यापूर्वी हे एक काम केले असते, तर पत्राची गरज पडली नसती. काजळीच्या फिल्टरचा दिवाही लागत असेल, तर उभ्या गाडीवर रीजन करताना, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळून टाकताना, गाडी सुक्या गवतापासून दूर, मोकळ्या जागी लावायला सांगा, कारण तेव्हा धुराडे अतिशय तापते.

ई-वे बिलाची मुदत प्रत्येक दोनशे किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस, अशी मोजतात. गाडी बिघडून मुदत टळत असेल, तर ती संपण्यापूर्वीच्या आठ तासांपासून संपल्यानंतरच्या आठ तासांपर्यंत, कारण नोंदवून वाहतूकदाराला ती पोर्टलवर वाढवून घेता येते. आणि माल दुसऱ्या गाडीत घातला, तर त्या गाडीचा क्रमांक बिलाच्या दुसऱ्या भागात भरावा लागतो. हे काम तुम्ही घरी बसून करू शकता. भर उन्हात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या चालकाने ते फोनवर करत बसावे, अशी अपेक्षा ठेवू नका. आणि ते दोन दिवस त्याच्या सुट्टीच्या खात्यात लिहिले असतील, तर खोडा.